कुवेतचा उन्हाळा आणि बोटीविना मातेओ

परत आल्यापासून विट्यात मला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, तिकडे सोने खरेच स्वस्त आहे का? दुसरा, लढाई पाहिलीस का? दोन्हींचे उत्तर देताना माझी पंचाईत होते. सोन्याच्या बाजारातून मी एकदाच गेलो, तोही वाट चुकून. आणि लढाई झालीच नाही. ती आज होईल, उद्या होईल म्हणून आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो, एवढेच. पण त्या उन्हाळ्यात माझ्या मनाला जो घोर लागला तो स्वतःपेक्षा दुसऱ्याच एका माणसाचा. त्याचे नाव मातेओ. तो अमेरिका खंडातल्या ग्वातेमाला नावाच्या छोट्या देशाचा. कुवेतवर संकट आले तर आम्हा प्रत्येकाला न्यायला कुठली ना कुठली बोट येणार होती. मातेओला घेईल असा देशच नव्हता, तर बोट कुठून येणार?

आमच्या हेडमास्तरांनी शाळेच्या अंकासाठी प्रवासवर्णन मागितले. ज्या शाळेने एका कुळाच्या मुलाला बी.एस्सी.पर्यंत जाण्याची हिंमत दिली, तिला नाही म्हणणे मला जमले नाही. वाळवंट, उंट, तेलाच्या विहिरी असे काही वाचायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. उंट मी फारसे पाहिले नाहीत. जे पाहिले ते लिहितो.

मीना अल-अहमदी, मे १९६१

बोटीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. बहुतेक वेळ मी आडवाच होतो. मुंबईच्या ज्या कंपनीत मी नोकरीला आहे, तिने काँक्रीटची ताकद तपासायचे एक यंत्र कुवेतच्या एका ठेकेदाराला विकले होते. ते बसवायचे, चालवायला शिकवायचे आणि परत यायचे, असे माझे काम. मीना अल-अहमदी हे तेलाचे बंदर. समुद्रात लांबवर गेलेले धक्के, त्यांना लागलेल्या प्रचंड तेलवाहू बोटी, आणि किनाऱ्यामागे तेलातून निघणारा वायू जाळणाऱ्या मशाली. त्या रात्रंदिवस पेटलेल्या असत. आमच्या घरी आई रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवते, सकाळी काडी वाचावी म्हणून. पहिले काही दिवस त्या मशालींकडे बघताना मला उगाचच अपराधी वाटे.

दुसरे नवल पाण्याचे. आमचा खानापूर तालुका दुष्काळी. पाण्याची किंमत मला कोणी शिकवायला नको. इथे नदी नाही, विहीर नाही, आणि समुद्राचे पाणी उकळून, वाफ थंड करून माणसे ते पितात. हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग मीठ कुठं जातं?" बी.एस्सी. होऊनही मला तिला समजेल असे उत्तर देता आले नाही.

आमच्या हिंदी लोकांची खानावळ हसनचाचा चालवत. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. तरुणपणी बोटीवर खलाशी होते, मग बटलर झाले, मग कुवेतला उतरले ते कायमचे. खानावळीशिवाय शहराजवळच्या हवल्ली भागात त्यांचे किराण्याचे दुकान होते. मी घाटावरचा आहे हे कळताच ते म्हणाले, "घाटी आणि तेही बीएस्सी! म्हणजे तिखट खाणार आणि वर मला शिकवणार." तेव्हापासून माझे नाव बीएस्सी पडले. पहिल्याच दिवशी त्यांनी तळलेला सरंगा वाढला. तिथे त्याला झुबेदी म्हणतात आणि श्रीमंत अरब पाहुण्याला तोच वाढतात. मी तोवर मासा खाल्ला नव्हता. चाचा समोर हात बांधून उभे राहिले आणि शेवटचा घास जाईपर्यंत हलले नाहीत.

मातेओ आमच्या खानावळीत आला तो आवाजामुळे. चाचा तांदळाची भाकरी थापत होते. दारात एक सावळा, बुटका, उन्हाने रापलेला माणूस येऊन उभा राहिला आणि डोळे मिटून ऐकू लागला. मला वाटले मंगळूरकडचा कोणी असेल. त्याने खुणेनेच विचारले, पिठाचा गोळा घेतला आणि दोन्ही तळव्यांत टाळ्या वाजवल्यासारखा थापू लागला. त्याच्या देशात मक्याची अशीच भाकरी असते. त्याची आई अशीच थापायची. पण त्याची भाकरी झाली तळहाताएवढी.

"ही कोणाला? मांजरीला?" चाचांनी विचारले.

आमचे बोलणे इंग्रजीत चाले. इथे मी ते मराठीत देतो. मातेओ गंभीरपणे म्हणाला, "आमच्याकडे एक माणूस अशा दहा खातो."

"मग दहा थाप. उद्यापासून ये."

तो येऊ लागला. तो जमिनीची मोजणी करणारा, सर्व्हेअर. धक्क्याच्या नव्या कामाची पातळी आणि रेषा तो धरून देई. मी पदवीधर आहे हे समजल्यावर तो मला 'लिसेन्सियादो' म्हणू लागला. त्याच्या देशात शिकलेल्या माणसाला असेच संबोधतात, नावाच्या आधी, आदराने. मला ते ऐकायला आवडे. माझ्या घरात मला सगळे दत्तूच म्हणतात.

त्याची हकिगत त्याने आम्हाला जेवता जेवताच सांगितली, काही लपवाछपवी न करता. त्याच्या देशातली मोठमोठी जमीन केळीच्या एका परदेशी कंपनीकडे होती आणि त्यातली बरीच नुसती पडीक होती. लोकांनी निवडलेल्या सरकारने कायदा केला, की पडीक जमीन भरपाई देऊन घ्यायची आणि भूमिहीनांना वाटायची. मातेओ तेव्हा नवा नवा नोकरीला लागलेला. त्याने गावोगाव जाऊन साखळीने तुकडे मोजून दिले. मग सात वर्षांपूर्वी ते सरकार पाडले गेले. मागे अमेरिकेचा हात होता, असे तो अगदी सहज, पावसापाण्याबद्दल बोलावे तसे म्हणाला. जमिनी परत गेल्या. मोजणाऱ्यांची नावे शोधली जाऊ लागली. तो मेक्सिकोच्या वकिलातीत शिरला आणि तिथून मेक्सिकोला गेला. बायको एलेना लहानग्या मुलीला घेऊन नंतर, एकटी, बसने हद्द ओलांडून आली. मेक्सिकोने आसरा दिला, पण पोटापुरते काम मिळेना. म्हणून एका ठेकेदाराबरोबर तो समुद्रापार निघाला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आता नऊ.

हे ऐकून मला फार आनंद झाला. वाक्य विचित्र वाटेल, पण तसेच झाले. मी त्याला सांगितले की माझे वडील कूळ होते. कसेल त्याची जमीन हा कायदा झाला आणि पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची म्हणून कसलेली चार एकर आमची झाली. मोजणीदार आला तेव्हा आईने त्याला गूळपाणी दिले आणि वडील त्याच्या पाया पडायला वाकले. तो बिचारा लाजून मागे सरला. मातेओने घास हातातच ठेवला. "साखळी कोणी धरली होती?" त्याने विचारले. "कोपऱ्यात काय पुरलं? दगड? खूण केलेला?" मला सगळे सांगता येईना याचे त्याला वाईट वाटले. चाचांनीही आपले सांगितले: त्यांचे वडील खोताच्या घरी आंब्याच्या पाट्या वेठीने वाहत. खोती गेली, तेव्हा म्हाताऱ्याने पहिल्यांदा स्वतःच्या झाडाचा आंबा स्वतःच्या अंगणात बसून खाल्ला.

"म्हणजे तू आमच्यातलाच," चाचा मातेओच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "मोजणी खात्यातला देवमाणूस!"

जूनचा शेवट

जूनमध्ये कुवेत स्वतंत्र झाले. इंग्रजांनी आपला जुना करार संपवला. मोटारींचे भोंगे, झेंडे, गल्लोगल्ली वाटलेले सरबत. आमचा रुपया तिथे वर्षानुवर्षे चालत असे, त्याच्या जागी नुकताच त्यांचा स्वतःचा दिनार आला होता. आपल्याकडच्या पंधरा ऑगस्टची मला आठवण झाली आणि मीही भोंग्यांच्या गर्दीत टाळ्या वाजवल्या.

तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. इराकच्या पंतप्रधानांनी जाहीर केले की कुवेत हा आमचाच भाग आहे. हद्द आमच्यापासून मोटारीने काही तासांवर. मधे वाळू, बाकी काहीच नाही.

भीती कशी येते ते मी तेव्हा पाहिले. ती आधी बाजारात येते. इराकमधल्या बसऱ्याहून येणारे टोमॅटो आणि भाजी बंद झाली. चाचांनी एका सकाळी आमटीत आमसूल जास्त आणि बाकी काही नाही असे वाढले. मग ती रेडिओत आली. ज्याला अरबी कळते त्याच्याभोवती घोळका जमे आणि तो ऐकत असताना आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत बसू. हवल्लीत चाचांच्या दुकानाशेजारी पॅलेस्टाइनचे लोक राहत. त्यांच्यातल्या एका बाईने गादी गुंडाळून दाराशी ठेवली होती. सामान बांधलेले नव्हते, फक्त गादी. एकदा घर सोडून पळालेल्याला आधी काय उचलायचे ते ठाऊक असते, असे चाचा म्हणाले.

माझे काम असे, की काँक्रीटचे ठोकळे पाडायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचे. रोज नवे ठोकळे पाडताना मनात येई, हे फोडायला इथे कोण असेल?

आमच्या कामावरचे मुख्य हार्लन साहेब होते. टेक्सासचे अमेरिकन, उंच, लाल, मनाने चांगले. त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये जमवले आणि वेळ आली तर कोणी कसे निघायचे ते सांगितले. इंग्रज बहारीनला. अमेरिकन विमानाने. हिंदी आणि पाकिस्तानी लोकांसाठी मुंबई-कराचीची बोट. लेबनॉनचे लोक मोटारीने.

मातेओने हात वर केला. "आणि मी?"

साहेबांनी हसून विचारले, "तुझं घर कुठे आहे, मॅट?" ते त्याला मॅट म्हणत.

मातेओ उभा राहून विचार करू लागला. त्याच्या देशात त्याला पकडतील. मेक्सिकोने दिलेल्या प्रवासाच्या कागदात परत येण्याची मुदत होती, ती उलटून गेली होती. त्याचा भाऊ अमेरिकेत, लॉस एंजेलिसला मोटारी दुरुस्त करतो. तो महायुद्धाच्या काळात तिकडे गेला. तेव्हा कारखान्यांना हात हवे होते आणि तू कोण, कुठला असे त्याला कोणी विचारले नव्हते. मातेओ म्हणाला, "भाऊ म्हणतो, इकडे या. एलेना आणि मुलगी मेक्सिकोतून दोन दिवसांत पोचतील. पण मला अमेरिकेचा परवाना नाही."

साहेब त्याच्याजवळ गेले. "वकिलातीतला अधिकारी माझ्या ओळखीचा आहे. मी शब्द टाकतो. तुझ्यासारख्या माणसाला नाही म्हणणार नाहीत."

त्या संध्याकाळी मातेओने दहा भाकऱ्या थापल्या आणि सगळ्या स्वतः खाल्ल्या.

हवल्ली, जुलै

शब्द टाकणाऱ्याला आधी जेवू घालावे हा विचार चाचांचा. "साहेब शब्द टाकणार तो रिकाम्या पोटी कशाला? पोट भरलं की शब्दाला वजन येतं." त्यांनी हवल्लीतल्या दुकानामागच्या खोलीत बेत ठरवला. त्याच दिवसांत इंग्रजांची फौज परत आली; गेले म्हणता म्हणता पुन्हा बोटीतून उतरली आणि हद्दीकडे गेली. त्या भट्टीसारख्या वाऱ्यात सोजीर उन्हाने आजारी पडत आहेत, अशी बातमी होती. त्यामुळे जरा धीर आला होता आणि जरा भीतीही वाढली होती, कारण फौज आली म्हणजे लढाई खरीच होणार, असेही लोक म्हणत.

बेत असा होता: सरंग्याचे कालवण, कोळंबीचा भात, तांदळाच्या भाकऱ्या आणि शेवटी खजूर. हार्लन साहेब खाली सतरंजीवर मांडी घालून बसले. गुडघे दुखत असणार, पण तक्रार नाही. कालवणाने त्यांच्या कपाळावर घाम आला तेव्हा चाचा खूश झाले. साहेब गप्पा मारू लागले. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये क्यूबाहून पळून आलेल्या लोकांसाठी गाद्या गोळा करतात म्हणाले. विमानातून उतरले की गरम कॉफी, कांबळे, राहायला जागा. "बिचारे सगळं सोडून आलेत," ते अगदी मनापासून म्हणाले.

मातेओ ताटाकडे बघत होता.

आमच्याकडे पाहुणा जेवत असताना ज्याचे काम अडले आहे त्याने बोलायचे नसते. त्याची थोरवी यजमानाने सांगायची असते. लग्न जमवताना तेच, नोकरी मागताना तेच. चाचांनी खलाशीपणात कमावलेले इंग्रजी बाहेर काढले.

"साहेब, हा मातेओ साधा माणूस नाही. याने स्वतःच्या देशात मोठ्या कंपनीची जमीन मोजून गरिबांना वाटली. खोताची काढली, कुळाला दिली! आमच्या देशात सरकारने हेच केलं. या बीएस्सीच्या बापाला जमीन मिळाली, म्हणून हा बीएस्सी. विचारा त्याला."

मी मोठ्या उत्साहाने मान हलवली. मला खरेच वाटत होते की यापेक्षा चांगली शिफारस कोणाची होऊ शकत नाही.

साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. "कुठली कंपनी?" त्यांनी मातेओला विचारले. मातेओने नाव सांगितले; कंपनी अमेरिकेचीच होती. साहेबांनी मान डोलावली आणि पुढे खात राहिले, पण बोलले नाहीत. निघताना चाचांचा हात हातात घेऊन जेवण उत्तम होते म्हणाले. मातेओला म्हणाले, "उद्या ये माझ्याकडे."

मोटार गेल्यावर मातेओ पायरीवर बसला. चाचा अजून आनंदात होते. "बघितलंस? कसा गप्प झाला! छातीत घुसलं त्याच्या."

"घुसलं," मातेओ म्हणाला. मग त्याने आम्हाला समजावून सांगितले, न रागावता, लहान मुलाला सांगावे तसे. "क्यूबाचे लोक ज्या सरकारपासून पळाले, ते अमेरिकेला नको आहे. म्हणून त्यांना कॉफी. मी ज्या सरकारपासून पळालो, ते अमेरिकेला हवं होतं. माझी भाषा तीच, माझा समुद्र तोच. पण मी पळालो असं ते म्हणू शकत नाहीत. म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो, कोणापासून?"

चाचांचा चेहरा उतरला. "पण तू चांगलं काम केलंस ना?"

"तुमच्या देशात."

चाचा आत गेले. उष्टी ताटे त्यांनी तशीच राहू दिली. मग त्यांनी मला बोलावून हळूच विचारले, "बीएस्सी, सरळ सांग. मी त्याचं वाटोळं केलं का?" मीही मान हलवली होतीच.

कुवेत शहर

हार्लन साहेबांनी शब्द मागे घेतला नाही, हे लिहिलेच पाहिजे. त्यांनी मातेओला सांगितले, "मी आयुष्यभर कंपन्यांची चाकरी केली आहे, मॅट. कंपनीची जमीन कापणाऱ्याशी माझं कसं जमणार? पण तू सरळ रेषा आखतोस आणि खोटं बोलत नाहीस. मी बोललो आहे. अधिकारी तुला एकच गोष्ट विचारेल, ते जमीनवाटप योग्य होतं का. तू म्हणायचं, ते चूक होतं. एवढंच."

मातेओने माझी मदत मागितली. अधिकारी मी व्हायचे, आणि तो उत्तर देणार. माझ्या प्रयोगशाळेत, ठोकळ्यांच्या राशीपुढे, आम्ही त्याचा सराव केला.

"ते योग्य होतं का?" मी शक्य तितक्या कडक आवाजात विचारायचो.

"ते चूक होतं," तो म्हणायचा. आणि मग, "पण..."

"पण नाही."

"ते चूक होतं. पण जमीन पडीक..."

"मातेओ!"

दोघेही हसायचो. मग तो घाम पुसून पुन्हा म्हणायचा. हळूहळू 'पण' गळाला. शेवटी तो ते वाक्य इतके स्वच्छ म्हणू लागला की मलाच अस्वस्थ वाटू लागले. माझ्या वडिलांच्या जमिनीबद्दल कोणी माझ्याकडून असे वदवून घेतले असते तर? पण मला नऊ वर्षांची मुलगी नव्हती, आणि मला न्यायला बोट होती. परीक्षा मला द्यायची नव्हती, त्यामुळे मते असण्याचा अधिकारही मला नव्हता, असे मी मनाला बजावले.

मुलाखतीच्या दिवशी चाचांनी दुकान बंद ठेवले आणि आपल्या जुन्या मोटारीतून आम्हाला नेले. वाटेत ते ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते; दुआ असावी. मातेओने टाय बांधला होता. वकिलातीच्या बाहेर आम्ही भिंतीच्या सावलीला उभे राहिलो. सावली आखडत गेली तशी आम्ही सरकत गेलो. सोजिरांनी भरलेल्या दोन लॉऱ्या उत्तरेकडे गेल्या. त्यांचे चेहरे उन्हाने सोलवटले होते आणि त्यांतले काही माझ्याहून लहान दिसत होते.

मातेओ बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"विचारलं?" मी म्हणालो.

"विचारलं. मी म्हटलं, चूक होतं. अडखळलो नाही. तो म्हणाला, छान."

"मग झालं!" चाचांनी त्याला मिठीच मारली.

"मग तो म्हणाला, आता एकच सोपस्कार. तुझ्या देशातल्या आमच्या कचेरीला लिहितो. ते तुझ्या गावच्या पोलिसांकडे चौकशी करतील, तू कसा माणूस आहेस, तुझं कोण कोण आहे." मातेओने टाय सोडला आणि खिशात कोंबला. "गावात माझी आई आहे. सात वर्षं तिने सांगितलंय की मुलगा मेला. त्यासाठी तिने चर्चमध्ये मृताची प्रार्थना म्हणवून घेतलीय, शेजाऱ्यांना जेवण घातलंय. आता पोलीस जाऊन विचारणार, तुझा कुवेतमधला मुलगा कसा आहे?"

"मग तू काय केलंस?"

"अर्ज परत मागितला. अधिकारी चांगला होता. त्याने दोनदा विचारलं, नक्की का? तो म्हणाला, तू क्यूबाचा असतास तर मला कुठेच लिहावं लागलं नसतं."

परतीच्या वाटेवर मला राहून राहून त्या म्हातारीचा विचार येत होता. जिवंत मुलाच्या नावाने जेवण घालताना तिने डोळ्यांत पाणी कसे आणले असेल? की ते आपोआपच आले असेल?

हवल्ली, ऑगस्ट

लढाई आली नाही. फौज वाळूत बसून राहिली, इराकची माणसे हद्दीपलीकडे राहिली, आणि आमची भीती जुन्या दुखण्यासारखी सवयीची झाली. पॅलेस्टाइनच्या बाईची गादी मात्र दाराशीच होती. माझे काम संपत आले. जूनअखेर पाडलेले ते ठोकळे मीच फोडले. ताकद चांगली भरली.

मग एका शुक्रवारी चाचा मातेओला आणि मला दुकानामागच्या खोलीत घेऊन गेले, जिथे साहेबांना जेवण दिले होते. खोली रिकामी केलेली होती. तांदळाची पोती, साबणाचे खोके, सगळे गच्चीवर.

"हे बघ," चाचा मातेओला म्हणाले. "इंग्रजांचं होतं तोवर इथे माणूस आणायचा तर इंग्रजाची कचेरी दहा ठिकाणी विचारणार. आता परवाना कुवेतचे लोक स्वतः देतात. माझा भागीदार इथला. त्याने शब्द दिला तर बाहेरचं माणूस येतं. त्याच्याशी बोललो मी. तुझ्या गावच्या पोलिसाशी त्याला काय करायचंय? तो म्हणाला, माणूस नमाज पढत नसला तरी चालेल, भाडं वेळेवर दे म्हणावं."

"कोणाला आणायचं?" मातेओला समजले नव्हते.

"तुझ्या बायकोला, पोरीला! अमेरिका घेत नाही तर राहू दे तिला. इथे येऊ देत."

मला राहवले नाही. "चाचा, इथे? महिन्यापूर्वी आपण इथून पळायच्या तयारीत होतो! पुन्हा तसं झालं तर?"

"तू गप रे बीएस्सी."

"नाही, तो बरोबर विचारतोय," मातेओ म्हणाला. तो खोलीच्या मध्यभागी उभा होता. त्याने एकवार छताकडे, मग त्या एकमेव खिडकीकडे पाहिले. बाहेर रस्त्यावर बर्फवाला ओरडत होता. "आजवर आम्ही एकेकटे पळालो, लिसेन्सियादो. मी एकदा, एलेना एकदा. ती पोरीला घेऊन रात्रभर बसमध्ये होती आणि मी कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं. पुन्हा पळायचंच असेल तर तिघं एका वेळी पळू."

त्याच्या कागदाची मुदत, चाचांच्या भागीदाराची मर्जी, हद्दीवरची फौज, यांतले काहीही उद्या बदलू शकत होते, हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होते.

माझी बोट दुसऱ्या आठवड्यात होती. निघण्याच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला हवल्लीला गेलो, तेव्हा भागीदाराने परवान्यासाठी अर्ज दिला होता. उत्तर आले नव्हते. ते कधी येईल ते कोणालाच सांगता येत नव्हते. मातेओ मात्र त्या खोलीत गुडघ्यांवर बसून फीत लावत होता. सुताराकडून मुलीसाठी खाट करून घ्यायची होती.

"नऊ वर्षांची मुलगी किती उंच असते?" त्याने मला विचारले. "माझ्या लक्षात आहे ती एवढीच." त्याने मांडीजवळ हात धरला.

मी माझ्या पुतणीला डोळ्यांपुढे आणले आणि भिंतीला लागून, माझ्या छातीच्या जरा खाली, आडवा हात धरला. मातेओने तिथे पेन्सिलीने रेघ ओढली. मोजणाऱ्याचा हात; रेघ अगदी सरळ आली. मग तो मागे सरकून तिच्याकडे बघत राहिला, एखादे माणूस खोलीत आल्यावर बघावे तसा.

चाचा दारातून म्हणाले, "खाट वीतभर जास्तच सांग सुताराला. परवाना येईपर्यंत पोर थांबणार आहे का वाढायची?"

मातेओने फीत पुन्हा भिंतीला लावली आणि पहिल्या रेघेच्या वीतभर वर दुसरी रेघ ओढली.